वेलाला धरून



गेल्या सप्ताहात काल्याच्या आदल्या रात्री आम्ही चार माळकरी मंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. बोलता बोलता मी सोलापूरच्या एका ख्रिस्ती सरांची गोष्ट काढली. एक तरुण टाळकरी मध्येच म्हणाला, "काका, आपल्या संतांनी काय कमी सांगून ठेवलंय, म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या दारात जाता?" मला त्याचा राग आला नाही. त्याच्या वयाचा असताना मीही हेच म्हटले असते. संतांनी काहीच कमी ठेवलेले नाही. कमी पडलो होतो तो मी. कसा, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या अलीकडे, माझी दीड एकर द्राक्षबाग आहे. नान्नज म्हटले की बागाईतदाराला नानासाहेब काळे आणि त्यांनी पुढे आणलेली सोनाका जात आठवते. माझी बागही सोनाकाचीच. २०१४ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, ती अनेकांना आठवत असेल. माझा माल उतरायला आठच दिवस उरले होते. व्यापारी बाग बघून गेला होता. अर्ध्या तासात मांडवाखाली घडांचा आणि पानांचा चिखल झाला. सोसायटीचे कर्ज डोक्यावर, आणि घरात थोरल्या मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली.

त्या रात्री मी हरिपाठ म्हटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सतरा वर्षे मी आळंदीहून पंढरीला चालत गेलो होतो, एकादशी चुकवली नव्हती. मनात एकच येत होते, विठोबाने हे बघितले नाही का? पुढे पुढे रागही राहिला नाही, नुसती कोरड राहिली. गळ्यात माळ होती, कपाळी गंध होते, मंडळात गेलो की टाळही वाजत होता. कोणाला काही कळले नाही. माउली, खरे सांगतो, ती महिनाभराची फसवणूक गारपिटीहून जड होती.

एप्रिल लागला. खरड छाटणीचे दिवस आले आणि मी हात लावला नाही. बाग काढून टाकायची, तारा आणि अँगल विकायचे, असे ठरवून बसलो होतो. तेवढ्यात सर आले.

हे सर सोलापुरात शाळेत शिकवत होते. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनीच मराठी शिकवले. घराणे दोन-तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. बोलणे असे, की आपल्या फडावरचा एखादा जुना माणूसच वाटावा. त्यांच्या घरी पेटी आणि टाळ दोन्ही, आणि रविवारच्या उपासनेत म्हणायची भजने बहुतेक रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. ईस्टर होऊन दोन दिवस झाले होते. गारपिटीचे उशिरा कळले म्हणून ते एसटीने आले. चहा झाला आणि आम्ही बागेत गेलो.

एका ओळीत चालताना त्यांनी एक काडी हातात धरली. काडी तारेला सुतळीने नीट बांधलेली होती, पण गारांच्या माराने ओलांड्यापाशी मोडून आतून सुटलेली होती. शेजारच्या काडीला पालवी होती, हिची पाने करपून लोंबत होती. सर म्हणाले, "ही पडली कशी नाही?"

मी म्हणालो, "बांधलीय ना सर. सुतळी धरून ठेवते. पण पाणी येत नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे याच काडीवर एक अख्खा अध्याय आहे." धरून नेण्यापूर्वीच्या शेवटच्या रात्री येशूने शिष्यांना वेलाची उपमा दिली. योहानाच्या शुभवर्तमानाचा तो पंधरावा अध्याय. त्यात तो स्वतःला वेल म्हणतो, शिष्यांना फांद्या आणि आपल्या पित्याला माळी. फांदी एकटी फळ देऊ शकत नाही, वेलात राहिली तरच देते, हे त्याचे सांगणे. सर म्हणाले, "मी लहानपणापासून हे ऐकतोय. पण तेवढ्यात राहणं म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं. चर्चला जाणं, नाव ख्रिस्ती असणं, गळ्यात क्रूस असणं, ही सगळी सुतळी. ती वाईट नाही. सुतळीवाचून काडी वाऱ्याला मोडते. पण रस सुतळीतून येत नाही."

माझा हात आपोआप माळेकडे गेला. त्यांनी ते पाहिले की नाही, मला आजही ठाऊक नाही.

सरांच्या पत्नी अकरा वर्षे लकव्याने अंथरुणावर होत्या. त्यांना भरवणे, पुसणे, वेणी घालणे हे सर स्वतः करत. रोज पहाटे उशाशी बसून एक स्तोत्र वाचत आणि टिळकांचे एक भजन म्हणत. बाई बऱ्या व्हाव्यात म्हणून त्यांनी अकरा वर्षे मागितले. त्या बऱ्या झाल्या नाहीत, गेल्या. मी त्या दिवशी धीर करून विचारले, "सर, तुम्ही देवाला सोडलं कसं नाही?"

ते म्हणाले, "सोडलं होतं की. तिसऱ्या वर्षी चार महिने प्रार्थना बंद होती. तिला कळत होतं, बोलता येत नव्हतं. एक दिवस मी वेणी घालत होतो, तर तिने डाव्या हातानं माझा हात धरून उशाखालच्या पुस्तकावर ठेवला. मला तेव्हा फार लाज वाटली. मी फळ मागत बसलो होतो आणि ती नुसती धरून होती."

माउली, यापुढे मी काही विचारले नाही.

ज्या टिळकांची भजने ते म्हणत, त्यांच्याविषयी आपण वारकऱ्यांनी थोडे जाणून घ्यावे. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातला, ब्राह्मण कुळातला. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबारायांचा पूल ओलांडूनच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते सांगत. हे वाचून आपल्यापैकी कोणाला अभिमान वाटेल, कोणाला वाईट वाटेल. मला दोन्ही वाटले.

त्या पुलाची किंमत घरच्यांनीही मोजली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन मागे राहिल्या. त्या ताटातुटीचा काही काळ त्यांनी आपल्या पंढरपुरातच आप्तांकडे काढला. 'स्मृतिचित्रे' वाचताना तो भाग आला की मला चंद्रभागेचे वाळवंट डोळ्यांपुढे येते. आपण जिथे नाचतो, तिथून जवळच एक बाई नवरा असून नसल्यासारखी दिवस ढकलत होती. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी बराच काळ आपले सोवळे वेगळे ठेवून राहिल्या, आणि टिळकांनी त्यांना तसे राहू दिले. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ओढून आणलेली फांदी जगत नाही, हे टिळकांना कळले असावे.

पण आपल्या विषयाला लागून असलेली गोष्ट याच्या पुढची आहे. एकदा वेलाला लागल्यावर टिळक त्यात राहिले कसे? ते अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत. ख्रिस्त त्यांनी धरला, पण परक्या तऱ्हेचा पोशाख त्यांच्या मनाला कधी पटला नाही. त्यांनी ख्रिस्ताला अभंग वाहिले, भजने वाहिली, कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती मंडळीत वाढवली. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. नोकरी, मान, पगार या सगळ्या सुतळ्या त्यांनी आपल्या हाताने सोडल्या, वेल मात्र सोडला नाही. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ख्रिस्ताचे चरित्र गाणारे 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरे राहिले. ते पुढे नेले कोणी? त्याच लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचे शिक्षण असे मिळालेच नव्हते.

आणि ही रीत टिळकांपासूनची नव्हे. नाथमहाराजांनी समाधी घेतली १५९९ साली. त्यानंतर सतराच वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्याच्या बाजूला फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने 'ख्रिस्तपुराण' छापले, तेही मराठीत आणि ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. ज्या मापाने माउलींनी गीता मराठीत आणली, तेच माप त्याला आपल्या देवाची कथा सांगायला जवळचे वाटले.

आता पुन्हा बागेत येऊ. द्राक्षाची शेती ज्यांनी केली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बागेच्या वर्षातून दोन छाटण्या असतात. ऑक्टोबरची फळछाटणी सगळ्यांना ठाऊक असते, कारण त्यानंतर घड दिसतात. एप्रिलची खरड छाटणी मात्र बघवत नाही. हिरवी बाग ओलांड्यापर्यंत खरडून काढायची, मांडव उघडा करायचा, तोही सोलापूरच्या उन्हात. बघणाऱ्याला वाटते, बाग मेली. पण त्यानंतर ज्या नव्या काड्या फुटतात, त्यांच्या डोळ्यांत दीड-दोन महिन्यांत पुढच्या हंगामाचा घड आत तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबरला जे बाहेर येते, ते उन्हाळ्यात आत धरलेले असते. ज्याने एप्रिलला कंटाळा केला, त्याच्या बागेत ऑक्टोबरला नुसती पाने येतात.

वीस वर्षे मी हे हातांनी करत होतो, आणि माझ्याच बाबतीत मला ते कळले नव्हते. मला वाटत होते, मी विठोबाचा म्हणून त्याने माझे घड राखावेत. नाही राखले, म्हणजे नाते तुटले. सरांच्या येशूने आपल्या लोकांना पीक राखण्याचे वचन दिले नव्हते. उलट, फळ देणाऱ्या फांदीलाही माळी छाटतो, हे त्याच उपमेत आहे. आणि हे सांगून तो स्वतः दुसऱ्या दिवशी क्रूसावर गेला. आपल्या संतांचे तरी काय वेगळे? तुकोबारायांच्या घरात दुष्काळात अन्नावाचून बाईल गेली, पोर गेले, व्यापार बुडाला. त्यांनी त्याच कोरड्या दिवसांत भंडाऱ्याची वाट धरली. हे कीर्तनात मी शंभरदा ऐकले होते. ऐकले होते, एवढेच.

एका गोष्टीवर मात्र सरांचे आणि माझे जुळले नाही, तेही सांगितले पाहिजे. त्या अध्यायात वाळलेल्या फांद्या गोळा करून जाळतात असे आहे. मी म्हणालो, "सर, आमचा देव असा नाही. तो अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे. पोरगं कधी येईल म्हणून वाट बघतो." सर हसले. म्हणाले, "वाट आमचाही बघतो. उधळ्या पोराची गोष्ट त्यानंच सांगितलीय. पण माळकरी, वाळण्याचं काम माळी करत नाही, ते फांदीच करते." आम्ही तो वाद तिथेच ठेवला. आजही भेटलो की तो निघतो. त्यांनी मला कधी आपल्या मार्गावर बोलावले नाही आणि मी त्यांना माळ घालायला सांगितली नाही. ज्याचा त्याचा वेल त्याने धरावा आणि घट्ट धरावा, एवढ्यावर दोघांचे एकमत आहे.

त्या संध्याकाळी सर शेवटच्या एसटीने गेले. मी देवघरात बसलो. हरिपाठ सुरू केला आणि चौथ्या अभंगावर अडलो, कारण रडू आले. घरच्यांना वाटले, बागेसाठी रडतो आहे. दुसऱ्या दिवशी दोन मजूर आणि मी, खरड छाटणीला लागलो. उशीर झाला होता, पण केली.

पुढच्या वर्षी पीक कसे आले, असे तुमच्या मनात येईल. मुद्दाम सांगत नाही. चांगले आले म्हटले, तर तुम्ही म्हणाल, हरिपाठाचे फळ मिळाले. वाईट आले म्हटले, तर म्हणाल, मग उपयोग काय झाला. मी ज्या खड्ड्यात पडलो होतो, तो हाच.

त्या वर्षी वारीला गेलो. वाखरीच्या पुढे कळस दिसला, तेव्हा काहीही मागितले नाही. महाद्वारातून पायरीला डोके लावले आणि एवढेच म्हटले, देवा, सुतळी मी बांधून घेतली आहे, आतला धागा तू सुटू देऊ नकोस.

माउली, तुमच्या गळ्यातही माळ असेल. आज हरिपाठाला बसण्यापूर्वी ती एकदा हातात घ्या आणि स्वतःला विचारा, रस येतो आहे का? येत असेल तर तुम्हाला माझा दंडवत. येत नसेल तर कोणाला सांगू नका, लाजूही नका. नेम सोडू नका. हा एप्रिल आहे, एवढे समजा आणि धरून राहा.

राम कृष्ण हरी.