ह्या शब्दाचा अर्थ काय?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या भाचीचा पांचवा वाढदिवस आमच्याच घरीं साजरा झाला. शेजारपाजारची मंडळी जमली होती. औक्षण झालें, केक कापला गेला, आणि वड्यांच्या बशा फिरूं लागल्या तोंच कोणीसें म्हणालें, "आतां बाळीचा नाच झाल्यावांचून कोणीं उठावयाचें नाहीं." तत्काळ मोबाईलवर एका चित्रपटांतलें गाणें लागलें, आणि जिला चपलेचा बंद अद्याप नीट लावतां येत नाहीं ती पोर कंबर लचकवीत, डोळे मोडीत, यौवनाच्या नि मद्याच्या गोष्टी खणखणीत आवाजांत सांगूं लागली. एक शब्द चुकला नाहीं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांत आमच्याही हातांचा वांटा होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

रात्रीं जेवतांना तिनें विचारलें, "मामा, नशा म्हणजे काय रे?" आजीचा वाढता हात जागच्या जागीं थांबला. ताई म्हणाली, "गाण्यांत असतं तसं कांहीतरी. तूं भात संपव." मुलांच्या प्रश्नास उत्तर न देणें बरें नव्हे, असें वाटून आम्हीं मोठ्या शहाणपणानें सांगितलें, "नशा म्हणजे गाढ झोंप." दोनच दिवसांनीं बालवर्गाच्या बाईंनीं मुलांस घरच्या माणसांविषयीं विचारलें असतां आमच्या भाचीनें उभें राहून सांगितलें, "आमच्या आजीला रोज दुपारीं नशा येते." ताईस शाळेंत बोलावणें आलें. घरीं परतून ती पोरीवर संतापली, आजी रडकुंडीस आली, आणि खोटा अर्थ सांगणारे आम्ही वर्तमानपत्र उघडून बसलों.

"तिला कुठें अर्थ कळतोय?" ह्या एका वाक्यावर आम्हां वडील माणसांची सारी निश्चिंती उभी आहे. पण पाढे, श्लोक, बडबडगीतें आम्ही मुलांकडून पाठ करवून घेतों तीं तरी अर्थ कळतो म्हणून काय? आज ओठांवर बसलेलें उद्यां मनांत उतरेल, ह्या भरंवशावरच ना? मग चांगलें तेवढें रुजतें आणि वाईट तेवढें वाहून जातें, असा न्याय आम्हीं कोठून शोधून काढला? शब्दाचा अर्थ मूल आमच्या चेहऱ्यावर वाचतें. नाचतांना सर्वांनीं वाहवा केली तो एक अर्थ, आणि प्रश्न विचारतांच सर्वांनीं तोंडें फिरविलीं तो दुसरा.

ही चिंता आजची नव्हे. एके काळीं मुलांच्या कानीं लावणी पडूं नये म्हणून घरोघर जपत. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणानें आकाशवाणीवरून चित्रपटगीतें हद्दपार झालीं. तेव्हां श्रोत्यांनीं सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला, आणि १९५७ सालीं विविध भारती काढून तीं गीतें परत आणावीं लागलीं. बंदीचा एवढाच लाभ! चित्रपटगीत तेवढें वाईट, हेंही खरें नव्हे. मुलांचें आवडतें मोराचें गाणें १९५३ सालच्या 'देवबाप्पा' ह्या चित्रपटांतलेंच. शब्द माडगूळकरांचे, संगीत पु. ल. देशपांड्यांचें.

अमेरिकेंत टिपर गोर या सिनेटरपत्नीनें अकरा वर्षांच्या मुलीसाठीं प्रिन्स ह्या गायकाची १९८४ सालची 'पर्पल रेन' ही तबकडी आणली, आणि त्यांतील एका गाण्याचे शब्द ऐकून त्या हादरून गेल्या. १९८५ सालीं त्यांनीं व इतर कांहीं स्त्रियांनीं संस्था काढली, सिनेटच्या समितीपुढें सुनावणी झाली, आणि पुढें तबकड्यांच्या वेष्टनावर पालकांस सावध करणारी चिठ्ठी लागूं लागली. पण आज गाण्यास वेष्टनच उरलें नाहीं. पूर्वीं रेडिओ फळीवर असे, त्याचा कान पिळणें वडिलांच्या हातीं असे, आणि जें लागे तें सारें घर ऐके. आतां एक गाणें संपतांच दुसरें आपोआप येतें, आणि पोर जेवावी म्हणून तें यंत्र तिच्या पुढ्यांत ठेवणारे आम्हीच असतों.

त्या प्रसंगानंतर घरांत कोणीं नियम केला नाहीं. तशी गरजच पडली नाहीं. बाळीचें गाणें आपोआप बंद झालें. आम्हांस प्रथम तें ध्यानांतही आलें नाहीं, आजीनेंच एके दिवशीं म्हटलें, "घर कसं मुकं झालं आहे." आम्हीं बाळीस जवळ घेऊन सांगितलें कीं, त्या दिवशीं मामानेंच खोटें सांगितलें होतें, चूक तिची नव्हती. तिनें मान हालविली, पण गायली नाहीं.

परवां एकाएकीं सर आली. ती पागोळ्यांखालीं धांवली, हात पसरले, तोंड उघडलें आणि मिटलें. मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाली, "मामा, पावसाचं गाणं चालतं ना?"

आम्हीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें.