आईचे शब्द, तंबोऱ्याचा कंठ

आमच्या घरीं आईच्या आवाजाची एकच ध्वनिफीत आहे. १९८४ सालच्या दिवाळींत दादांनीं आग्रह करून तिच्याकडून जात्यावरच्या चार ओव्या म्हणवून घेतल्या, तेवढ्याच काय त्या राहिल्या. म्हणून गेल्या चातुर्मासांत, "काका, आजीच्या ओव्या मी तंबोऱ्याच्या नादांत बसवितों," असें माझा पुतण्या म्हणाला, तेव्हां मला राग आला हें कबूल करतों. आईचा आवाज म्हणजे काय खेळणें आहे?

परंतु त्यानें सांगितलेली हकीकत ऐकण्यासारखी होती. आपण बोलतों तेव्हां दोन कामें चालतात. गळ्यांतील स्वरतंतू नाद उत्पन्न करतात. त्या नादांत मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे अनेक स्वर मिसळलेले असतात. जीभ, टाळू व ओठ त्यांतील कांहींना उठाव देतात, कांहींना दाबतात. म्हणूनच एकाच पट्टींत म्हटलेले 'आ' आणि 'ई' निराळे ऐकूं येतात. संगणक आवाजाचे अगदीं बारीक, सेकंदाच्या सुमारें पंचविसाव्या भागाएवढे तुकडे करतो, प्रत्येकांतील हा चढउतार मोजतो आणि तोच दुसऱ्या नादावर चढवितो. नाद एकाचा, मुखाची ठेवण दुसऱ्याची!

या युक्तीचें मूळ अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत आहे. एकाच तारेवरून अधिक संभाषणें पाठवितां यावींत, म्हणून होमर डडली या अभियंत्यानें आवाजाची अशी फोड केली. १९४३ पासून लंडन व वॉशिंग्टन यांमधील गुप्त संभाषणांत तिचा उपयोग झाला; पुढें ती संगीतकारांनीं उचलली.

पुतण्यानें आधीं बासरी घेऊन पाहिली होती. पण तिच्या नादांत वरचे स्वर थोडे, त्यामुळें शब्द उमटेनात. मुळांत दगडच नसेल तर कोरणार काय? तंबोऱ्याच्या जवारींत मात्र ते स्वर भरपूर.

एके सायंकाळीं आक्का आली असतां आम्ही सारे ऐकावयास बसलों. तंबोरा खरोखरच बोलूं लागला! ओवीची चाल मात्र गेली होती. कारण उंच-नीच स्वर तंबोऱ्याचे, आईचे फक्त उच्चार. 'माहेर' स्पष्ट उमटलें. 'सासर' मात्र 'आ-अर' असें कांहींतरी ऐकूं आलें.

पुतण्या म्हणाला, "आत्या, 'स' म्हणजे नुसता वाऱ्याचा आवाज. तंबोऱ्यांत तो वारा नाहीं, निराळा मिसळावा लागतो. मिसळूं का?"

आक्का क्षणभर थांबून म्हणाली, "राहूं दे रे. जन्मभर सासरींच राबली ती. एवढ्या ओवींत तरी तिला माहेरीं राहूं दे."

कोणी कांहीं बोललें नाहीं. रात्रीं मीं मूळ फीत पुन्हां लावली. तिसऱ्या ओवीनंतर आई थांबते, दम घेते आणि विचारते, "झालं का रे तुमचं?" तो दम तंबोऱ्याला घेतां आला नव्हता. माझा राग तेथेंच ओसरला; जें आईचें होतें, तें कोणी नेलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं त्या फितीच्या दोन प्रती करवून निरनिराळ्या घरीं ठेवल्या आणि पुतण्याला त्याच्या प्रयोगाची मोकळीक दिली. ज्यांच्या कपाटांत अशी एखादी फीत पडून असेल, त्यांनीं आधीं तेवढें करावें. नाद उसना मिळतो, उच्चारहि दुसऱ्यावर चढवितां येतात. माणसाचा श्वास मात्र त्याच्याच आवाजांत राहतो.