विकतची विश्रांति

प्रवास हा आपल्या लोकांना नवा नाहीं. परंतु मुक्काम विकत घेणें ही गोष्ट मात्र बरीचशी नवी आहे. आपले आजेपणजे काशीस गेले, पंढरीस गेले, अष्टविनायकांचीं दर्शनें घेऊन आले. पण ते उतरले धर्मशाळेंत, क्षेत्रोपाध्यायांच्या ओसरीवर, किंवा लांबच्या नात्यांतील एखाद्या मावशीच्या माजघरांत. अशा मुक्कामाचें बिल होत नसे. त्याच मावशीचीं मुलें पुढें शिक्षणासाठीं पुण्यास आलीं म्हणजे त्यांना आपल्या पंगतीस बसवून घ्यावयाचें, असा त्याच्या फेडीचा अलिखित हिशेब असे. अलीकडे मात्र जेथें उतरावयाचें तेंच पाहण्याचें स्थळ व्हावें, असा एक प्रकार निघाला आहे. त्याचा दोन दिवसांचा अनुभव आम्हीं नुकताच घेतला. त्यांतून जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें बिऱ्हाड मांजरी बुद्रुक येथें आहे. पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या कांठचें हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलें. ऊस आणि द्राक्षें या दोन पिकांशीं त्याचें नांव जडलेलें आहे. १९७५ सालीं स्थापन झालेली आणि आज वसंतदादांच्या नांवानें ओळखली जाणारी ऊस-संशोधनाची संस्था येथेंच आहे, आणि १९९७ सालीं सुरू झालेलें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रहि येथेंच आहे. पण उसाचे फड वर्षानुवर्ष मागें हटत असून त्या जागीं उंच इमारती उभ्या राहत आहेत. अशाच एका इमारतींत आई, आम्ही उभयतां आणि दोन मुलें अशीं पांच माणसें राहतों. घराला ओसरी नाहीं, अंगण नाहीं. आणि मुलांचें आजोळचें घरहि मागेंच विकलें गेलें. त्यामुळें सुटी लागली कीं "कुठें जायचें?" हा प्रश्न जो पूर्वीं उद्भवतच नसे, तो आतां दरवर्षीं उभा राहतो. यंदा मुलांनीं एकमतानें खोपोलीजवळच्या इमॅजिकाचें नांव घेतलें, आणि एक रात्र तेथल्याच हॉटेलांत काढावयाची असेंहि ठरवून टाकलें.

करमणुकीचें उद्यान आणि त्याला लागून राहण्याची सोय ही जोडी परदेशांत जुळली. कोपनहेगनचें टिव्होली उद्यान १८४३ सालचें. तें पाहून आलेल्या वॉल्ट डिस्ने यांनीं १९५५ च्या जुलैंत अमेरिकेंत आपलें डिस्नेलँड उघडलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत शेजारीं हॉटेल निघालें. परंतु उद्यान बांधतांना डिस्ने यांच्याजवळचा पैसा संपून गेल्यामुळें तें हॉटेल जॅक रॅदर नांवाच्या दुसऱ्याच गृहस्थानें बांधलें. युक्ति साधी होती. दिवसभर हिंडून मुलें थकतात आणि दिवेलागणीला घराची वाट धरावी लागते. तेथेंच निजावयास मिळालें, तर एका दिवसाचें गिऱ्हाईक दोन दिवसांचें होतें. आपल्याकडे पुण्याच्या मुलांना १९५६ सालीं पेशवे पार्कांतली फुलराणी मिळाली, दिल्लीस १९८४ सालीं अप्पूघर निघालें, मुंबईजवळ गोराईस १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड निघालें. पुढें हीं दोन्ही उद्यानें बंद झालीं. इमॅजिका २०१३ च्या एप्रिलांत मनमोहन शेट्टी यांनीं उघडलें. २०१५ सालीं त्याच्या दाराशीं नोव्होटेल या परदेशी नांवाचें हॉटेल आलें. आणि २०२२ सालीं उद्यानाची मालकी संगमनेरच्या मालपाणी मंडळींकडे गेली.

मांजरीहून खोपोली सुमारें नव्वद किलोमीटर आहे. हडपसर ओलांडून शहराच्या गर्दींतून सुटका होईपर्यंत निम्मा उत्साह खर्ची पडतो. पण देहूरोडच्या पुढें द्रुतगति महामार्ग लागला म्हणजे गाडी आणि मन दोन्ही मोकळीं होतात. खंडाळ्याचा घाट उतरतांना मुलांना आम्हीं खोपोलीचें टाटांचें वीजघर सांगितलें. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांचें पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखालीं सोडून १९१५ सालीं येथें वीज तयार होऊं लागली, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. खोपोलीच्या एका अंगाला महडचा वरदविनायक आहे. पालीचा रस्ता धरला तर शेवटीं बल्लाळेश्वर भेटतो. आणि त्याच रस्त्यावरून आंत वळलें म्हणजे उंबरखिंड. १६६१ च्या फेब्रुवारींत शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानाची फौज येथल्या दाट रानांत कोंडून शरण आणली. हीं सगळीं ठिकाणें ज्या मुलखांत, त्याच मुलखांत सांगडेवाडीच्या माळावर हें कल्पनेचें नगर वसविलेलें आहे.

नगर म्हणावें असाच त्याचा थाट आहे. कोठें आलिबाबाची गुहा, कोठें 'मिस्टर इंडिया' चित्रपटावर रचलेला खेळ, कोठें बसल्या जागीं हिंदुस्थानावरून उडत गेल्याचा भास करून देणारें प्रेक्षागृह. एका जलप्रवासांत राजासॉरस नांवाचा अक्राळविक्राळ प्राणी अंगावर येतो. तें नांव मात्र कल्पनेंतलें नव्हे. नर्मदेच्या परिसरांत सांपडलेल्या हाडांवरून शास्त्रज्ञांनीं २००३ सालीं ज्या सरड्यासारख्या प्रचंड प्राण्याचें वर्णन केलें, त्याचें तें नांव आहे, हें समजतांच मुलांचा आदर दुणावला. सर्वांत मोठा पाळणा 'नायट्रो'. सुमारें १३२ फूट उंचीवरून तो ताशीं शंभर किलोमीटरहून अधिक वेगानें खालीं येतो आणि माणसास पांच वेळां उलटें करतो. मुलीनें हट्टानें आम्हांस त्यांत बसविलें. भीति अगदीं खरी वाटली. उतरल्यावर गुडघे कांपत होते. परंतु ती भीति मोजून दिलेली होती. खांद्यांवर लोखंडी पट्टा, खालीं उभा असलेला माणूस, आणि दोन मिनिटांत पुन्हां जमीन. खालीं बांकावर बसलेल्या आईनें विचारलें, "पैसे देऊन घाबरायचं, हे कशासाठीं रे?" मुलगी म्हणाली, "आजी, उतरल्यावर फार बरं वाटतं." या उत्तरावर आई थोडा वेळ विचार करीत राहिली, आणि मग "तें खरं असेल," एवढेंच म्हणाली.

तिन्हीसांजेस हॉटेलांत आलों. उद्यानापासून तें चार पावलांवरच आहे, आणि थकलेल्या मुलांच्या दृष्टीनें हाच त्याचा मोठा गुण. स्वच्छ बिछाने, गरम पाणी, खिडकीबाहेर सह्याद्रीच्या काळ्या होत जाणाऱ्या रांगा. या थाटाचें वर्णन पुष्कळांनीं केलें असेल. आमच्या मनांत मात्र त्याहून एक लहानशी गोष्ट राहिली आहे.

आमची सौभाग्यवती शाळेंत शिकविते आणि घरहि चालविते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं संवयीनें तिला साडेपांचलाच जाग आली. उठून तिनें काय केलें, तर चादरींच्या घड्या घातल्या, मुलांचे ओले कपडे वाळत टाकले आणि रात्रीचे चहाचे कप विसळून उपडे ठेवले. आई अंथरुणांतूनच म्हणाली, "अगं, ठेव तें. त्यांचं माणूस येईल."

"हात रिकामे असले कीं चैन पडत नाहीं, आई," ती म्हणाली, आणि खिडकीशीं जाऊन बसली. तेथें अर्धा तास ती नुसती बाहेर पाहत होती. न्याहारीच्या वेळींहि पहिल्यानें तिचें चित्त स्थिर होईना. आईला पोहे आणून दे, मुलाच्या ताटलींत काय आहे तें बघ, असें दोनतीनदां झाल्यावर अखेर ती बसली. समोरच्या इडलीची वाफ अजून निघत होती. पहिला घांस घेऊन ती हसून म्हणाली, "इतकी गरम इडली मी याआधीं कधीं खाल्ली असेन?" प्रश्न सहज विचारलेला होता. कोणाला तरी उत्तर देतां येईल म्हणून आम्ही सर्वच एकमेकांकडे पाहत राहिलों. पण तें कोणालाच देतां आलें नाहीं.

आपल्याकडे ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी त्या शब्दाची फोड सांगतात. हॉटेलांत हें सारें उलटें आहे. येथें तिथि आधीं ठरते, पैसे आधीं भरतात आणि मग पाहुणा येतो. एका रात्रीचें भाडें आमच्या घरच्या पंधरवड्याच्या वाणसामानाएवढें झालें. म्हणून अशा पाहुणचाराला नाकें मुरडणारे पुष्कळ आहेत. पैशानें मिळालेली आपुलकी ती कसली, असें ते विचारतात. परंतु त्या बिनपैशाच्या पाहुणचाराचें मोल कोण भरीत होतें, हेंहि विचारलें पाहिजे. लांबच्या मावशीच्या माजघरांत आपण चार दिवस उतरत होतों, तेव्हां पहाटे चूल पेटवून सर्वांची जेवणें उरकल्यावर, उरलेल्या आमटींत भात कालवून खाणारी ती मावशी होती. यजमानांचें नांव होई. हात मात्र तिचे राबत. पुरुषांचा प्रवास हा प्रवास असे. बायकांच्या वांट्याला बहुधा दुसऱ्या गांवची चूल येई.

पण येथेंच थांबलों असतों, तर हॉटेलाची स्तुति करून हा लेख संपला असता. दहाच्या सुमारास खोली आवरावयास एक मुलगी आली. वय विशी-बाविशीचें, राहणारी जवळच्याच खेड्यांतली. सौभाग्यवतीनें घातलेल्या घड्या पाहून ती हसली. "ताई, या कशाला घातल्या? या आतां धुवायला जाणार." आईला बोलल्यावांचून राहवत नाहीं. तिनें विचारलें, "लग्न झालं का ग तुझं?"

"झालं, आजी. एक मुलगा आहे."

"मग सकाळीं घरचं कोण बघतं?"

"मीच. चारला उठतें, भाकरी-कालवण करून ठेवतें, मग कामावर येतें."

ती हें तक्रारीच्या सुरांत बोलली नाहीं. बोलतां बोलतां तिनें नवी चादर पसरली, तिच्यावरून एकदां हात फिरविला आणि ती पुढच्या खोलीकडे गेली. सौभाग्यवती बराच वेळ त्या सपाट चादरीकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे ही माझ्या आधीं दीड तास उठली."

हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. आम्हीं जी विश्रांति विकत घेतली, तिचा भार कोठें तरी उतरलाच होता, आणि तो पुन्हां एका बाईच्याच खांद्यावर. यांत हॉटेलाला बोल लावण्यासारखें कांहीं नाहीं. उलट, त्या मुलीच्या कामाला पगार आहे, पाळी संपण्याची वेळ आहे. मावशीच्या कामाला यांतलें कांहींच नव्हतें. परंतु त्याच मुलीचें पहाटे चारचें जें काम, तें मावशीच्याच जातीचें. त्याला पगार नाहीं, आणि त्याची पाळीहि संपत नाहीं. पैशाच्या जोरावर एक घर एका दिवसापुरतें त्यांतून सुटतें, एवढेंच. तो दिवस संपला कीं दोघी आपापल्या चुलीपाशीं परत जातात, एक मांजरीस आणि दुसरी सांगडेवाडीच्या आसपास.

घरीं आल्यावर मुलांच्या बोलण्यांत आठ दिवस नायट्रो होता. आईच्या बोलण्यांत ती मुलगी होती. तिनेंच एके रात्रीं जेवतांना सुचविलें, "रविवारची न्याहारी हिनं करायची नाहीं. बाकीच्यांनीं काय तें ठरवा." त्याला आतां दोन महिने होतील. पहिल्या रविवारीं उपम्यांत गुठळ्या झाल्या. दुसऱ्या रविवारीं पोह्यांत मीठ पडलें नाहीं. तिसऱ्यापासून मुलानें पाककृति वहींत उतरून घेतली आहे आणि मुलीनें चहाचा मक्ता घेतला आहे. भांडीं घासण्याचें काम आमच्याकडे आहे. सौभाग्यवती प्रारंभीं दर पांच मिनिटांनीं स्वयंपाकघराच्या दारांत येऊन "मीठ कुठं आहे ठाऊक आहे ना?" असें विचारी, आतां ती सज्जांत खुर्ची टाकून बसते. तेथून उसाचा एकच उरलेला पट्टा दिसतो. न्याहारी तिच्या हातीं गरम असतांना पोंचते. चवीबद्दल आग्रह धरतां येत नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांची ऐपत असेल त्यांनीं अशा ठिकाणीं अवश्य जावें. मुलांना तें आवडतें, वृद्धांनाहि त्रास होत नाहीं, आणि घाट, वीजघर, उंबरखिंड, दोन विनायक हें सर्व वाटेवरच असल्यामुळें दोन दिवस सत्कारणीं लागतात. मात्र तेथें न्याहारीला बसलांत म्हणजे आपल्या घरांतली कोण पहिल्यानें उठून इतरांना वाढावयास लागते, तें नीट पाहावें. आणि खोली आवरावयास येणारीला दोन शब्द विचारावे. परत येतांना उद्यानाच्या दुकानांतून मुलांसाठीं खेळणें घ्यावयाचें तें घ्यावेंच. पण आठवड्यांतली एक गरम न्याहारीहि त्या प्रवासांतून घरीं आणतां येते, आणि तिला पैसे पडत नाहींत.