गज पालटताना

हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजवणाऱ्या कलाकाराच्या डाव्या हाताचे कौतुक सर्वाधिक होते, कारण श्रोत्यांची नजर बोटांवर खिळलेली असते आणि तानेचा वेग, मींडेची लांबी, सप्तकांमधली ये-जा हे सारे तिथेच घडताना दिसते. परंतु वादकाचे आयुष्य ज्या अडचणीशी झगडण्यात सरते ती अडचण उजव्या हातात असते. तारेवरून सरकणारा गज कधीतरी संपतो आणि तो उलट दिशेने वळवावाच लागतो. गज पालटण्याच्या त्या निमिषात नादाला जो सूक्ष्म खंड पडतो त्याला येथे ‘खाच’ म्हटले आहे. ही खाच झाकण्यासाठी वादकांच्या पिढ्यांनी जेवढी मेहनत केली आहे, तेवढी मेहनत गायकाला त्याच्या कोणत्याही एका दोषासाठी करावी लागली असेल, असे वाटत नाही.

अडचणीचे मोजमाप साधे आहे. फ्रान्स्वा तूर्त या पॅरिसच्या कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस गजाला जे रूप दिले तेच आजही प्रमाण मानले जाते आणि त्यात घोड्याच्या केसांची वापरता येणारी लांबी सुमारे 65 सेंटीमीटर असते. मुरलेला हात आवाज न मोडता एवढ्या लांबीवर दहा-बारा सेकंद काढू शकतो. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन मात्र मिनिटाच्या घरात जाते, म्हणजे समेपासून समेपर्यंत गज किमान चार-पाच वेळा पालटावा लागणार, हे ठरलेलेच आहे. गायकाचा श्वासही संपतो, हे खरे. पण त्याचा श्वास घेणे हा स्वतंत्र व्यापार असतो, स्वर थांबतो, हवा आत जाते आणि स्वर पुन्हा उमटतो. गजाच्या बाबतीत जो हात स्वर निर्माण करतो त्याच हाताला स्वर चालू ठेवून माघारी वळायचे असते.

या वळणात प्रत्यक्ष काय घडते याचे उत्तर भौतिकशास्त्राने दिलेले आहे. राळ लावलेले केस तारेला क्षणभर धरून पुढे ओढतात, तार निसटून मागे येते, केस तिला पुन्हा धरतात आणि हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा चालते. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1863 च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले की गजाखाली तारेचा आकार डोळ्यांना भासतो तसा फुगीर नसून तिच्यावर एक कोन तयार होतो आणि तो कोन तारेच्या दोन टोकांमध्ये धावत राहतो. पुढे कलकत्त्याच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’मध्ये काम करताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी गजाने वाजणाऱ्या तारांवर 1918 साली विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला आणि यंत्राने वाजणारे व्हायोलिन तयार करून गजाचा दाब व वेग यांची मोजमापेही केली. वादकाच्या दृष्टीने या साऱ्यातली कळीची गोष्ट अशी, की गजाची दिशा उलटली की त्या कोनाच्या भ्रमणाची दिशाही उलटते. जुनी गती मोडते, नवी जमायला काही कंपने जातात आणि तेवढा वेळ तार धड गात नाही. मंद्र षड्जाच्या एका कंपनाला तार षड्जाच्या चौपट वेळ लागतो. म्हणून खर्जाच्या तारेवरची खाच रुंद असते, आणि जो वादक तार सप्तकात निर्दोष वाटतो त्याचा उजवा हात मंद्रात लगेच ओळखू येतो. तात्पर्य असे, की खाच ही अपुऱ्या रियाजाची खूण नाही. ती तारेच्या स्वभावातच आहे, रियाजाने ती अरुंद होते, पण नाहीशी होत नाही.

सारंगीशी तुलना केली तर व्हायोलिनचे एकाकीपण अधिक जाणवते. सारंगीचा गज आखूड आणि जड, म्हणजे तो अधिक वेळा पालटणार. तरीही सारंगीच्या सुरात खाच बोचत नाही, कारण मुख्य तारांच्या खाली पस्तीस-सदतीस तरफा, म्हणजे न छेडता सहकंपनाने वाजणाऱ्या बारीक तारा, ताणलेल्या असतात आणि गज वळताना त्यांची आस ती पोकळी भरून काढते. संवादिनीत भात्याचा हात मागे जातो तेव्हा आत साठलेली हवा सूर चालू ठेवते. व्हायोलिनपाशी असा कोणताही साठा नाही. चार तारा, एक गज आणि मागे तानपुरा, एवढ्यावर भागवावे लागते. आकाशवाणीने 1940 साली संवादिनीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली, त्या काळात साथीचे वाद्य म्हणून व्हायोलिनला जी जागा मिळाली ती सलग सुराच्या गुणावर मिळाली, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे मानावे लागेल. व्हायोलिनचा सूर सलग असतो तो वादकाने प्रत्येक वळणावर तो सलग राखला म्हणून.

महाराष्ट्राशी जोडलेल्या मोठ्या वादकांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरे वेगवेगळी आहेत, आणि त्यांच्या शैलींमधला फरक डाव्या हातापेक्षा इथेच शोधावा, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. गजाननराव जोशी (1911–1987) हे गायक म्हणूनही तेवढेच मोठे. त्यांच्या वादनात ख्यालाची बढत गळ्यातून उतरल्यासारखी येते आणि गज जिथे वळतो तिथे बहुधा गायकही दम घेईल, असे वाटते. विष्णू गोविंद जोग (1922–2004) यांनी नेमका उलटा मार्ग धरला. गायकीच्या जोडीला तंतकारी, म्हणजे सतार-सरोदसारख्या छेडून वाजवायच्या वाद्यांचे अंग, त्यांनी स्वीकारले आणि गजाचा पालट हाच आघात मानून लयीच्या खेळात तो उघडपणे वापरला. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्यांत गजाचे तुकडे तबल्याच्या बोलांसारखे वाजतात. दामोदर केशव दातार (1932–2018) यांनी मात्र खाच इतकी अरुंद करत नेली की त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकताना अनेकदा गज कुठे वळला हे सांगता येत नाही. एन. राजम यांचे मूळ शिक्षण कर्नाटक संगीताचे. पुढे ओंकारनाथ ठाकुरांकडून त्यांनी ख्याल घेतला, त्यामुळे बंदिशीतले शब्दही गजाने उच्चारण्याची त्यांची जी रीत आहे, तिच्यात पालट हा शब्दाचे व्यंजन होऊन बसतो. ही युक्ती अपूर्व आहे. परंतु तिचे राज्य बंदिशीपुरते. आलापात, आकारात व्यंजन नसते, आणि अडचण तिथेच जशीच्या तशी उभी राहते.

तिचे सर्वांत अवघड रूप दरबारी कानड्याच्या गंधारात सापडते. हा गंधार कोमलाहूनही उतरलेला आणि आंदोलित असतो, म्हणजे तो एका जागी न ठरता ऋषभाच्या अंगाने संथपणे झुलत राहतो, आणि व्हायोलिनवर हे झुलणे एकाच बोटाने, बहुधा मधल्या बोटाच्या पेराने, तारेवर मागेपुढे सरकत घ्यावे लागते. भारतीय बैठकीत वाद्याचे डोके उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलेले असल्यामुळे डाव्या हातावर वाद्याचा भार नसतो आणि बोट मोकळे असते. तिथे अडचण नाही. आंदोलन चालू असताना गज कुठे पालटायचा, हा खरा प्रश्न. झुलण्याच्या टोकाशी बोट निमिषभर मंदावते. तिथे गज पालटला तर दोन्ही हातांचे थांबे एकावर एक पडतात आणि गंधार तुटतो. झुलण्याच्या मध्यावर, बोट सर्वांत वेगाने सरकत असताना पालटला तर सरकण्याच्या ओघात खाच झाकली जाते, पण मींडेवर, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात अखंड घसरत जाण्याच्या त्या रेषेवर, एक ओरखडा उठतो. पहिली रीत पाळणारे वादक दुसरीला कच्ची म्हणतात आणि दुसरी पाळणारे पहिलीला जड म्हणतात. प्रस्तुत लेखकाने दीर्घकाळ दुसरी रीत पाळली आणि ओरखडा पुसण्यासाठी पालटाच्या किंचित आधी तर्जनीचा दाब काढून घ्यायचा, मनगट आधी वळवायचे आणि केस मागाहून वळू द्यायचे, हा क्रम हाताला लावून घेतला. आंदोलनाच्या खालच्या टोकापासून निघाल्यावर नेमक्या किती अंतरावर मनगटाने सुरुवात करावी, हे शब्दांत सांगता येत नाही. एका तारेवर जे अंतर बसते ते शेजारच्या तारेवर बसत नाही आणि पावसाळ्यात केस ढिले पडले की पहिल्या तारेवरही बसेनासे होते.

या कौशल्यात जो अभिमान दडलेला असतो त्याविषयी वादक सहसा बोलत नाहीत. झाकलेली खाच सामान्य श्रोत्याला ऐकूच येत नाही, म्हणून तिचे श्रेय कोणी देत नाही. आणि तरीही पहिल्या रांगेत एखादा जाणता व्हायोलिनवादक बसलेला असेल तर दरबारीचा गंधार गरजेपेक्षा लांबवण्याचा मोह होतो, एका गजात अजून एक आंदोलन बसवावेसे वाटते, आणि त्याची मान हलली की त्या रात्रीची बिदागी तिथेच मिळाल्यासारखी वाटते. दडवलेली गोष्ट कोणीतरी पाहावी, ही इच्छा त्यामागे असते. प्रस्तुत लेखकाच्या वादनातले कितीतरी गंधार रागाच्या मागणीने लांबले नव्हते. त्यांना असे मान हलवणारे एक डोके पुरेसे होते.

वयाने या अभिमानाला हात घातला. अंगठ्याच्या मुळाशी आखडलेपणा येतो, मनगट आधी आणि केस मागाहून हा क्रम विस्कटतो, आणि गज मुठीजवळ संथ फिरत असताना हाताचा बारीक कंप थेट सुरात उतरतो. दहा-बारा सेकंदांचा गज सहा-सात सेकंदांवर येतो. मग वादक विलंबिताची लय किंचित वर घेतो, आणि रसिक त्याला परिपक्वतेतून आलेला संयम म्हणतात. प्रस्तुत लेखकाने हे कौतुक अनेकदा स्वीकारले आहे आणि त्यामागचे कारण हात आहे हे सांगितलेले नाही.

ध्वनिवर्धनाच्या आजच्या पद्धतीने मात्र हा प्रश्न तरुणांपुढे येऊच दिलेला नाही, ही खंत येथे नोंदवणे आवश्यक आहे. घोडीवर चिकटवलेले पिकअप, म्हणजे लाकडाचे कंपन सरळ विजेत बदलणारे साधन, आणि त्यावर ध्वनियंत्रकाने चढवलेला कृत्रिम प्रतिध्वनी यांमुळे प्रत्येक स्वरामागे एक शेपूट राहते, आणि त्या शेपटाखाली कितीही रुंद खाच बुजून जाते. सारंगीला तरफांनी जे दिले ते इथे यंत्र देते, असा युक्तिवाद केला जातो. तो मान्य करण्यासारखा नाही, कारण तरफा त्या त्या रागाच्या स्वरांत मिळवलेल्या असतात आणि वादकाचा स्वर खरा लागला तरच बोलतात; प्रतिध्वनी खऱ्या-खोट्याचा भेद न करता सगळेच लांबवतो. अशा आवाजात वाढलेला विद्यार्थी लहान खोलीत, यंत्राशिवाय वाजवायला बसला की त्याचा गज दर दोन सेकंदांनी ठेचकाळताना ऐकू येतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. याउलट द्रुत तानांची तयारी आज पूर्वीपेक्षा निश्चितच अधिक आहे, हेही मान्य करायला हवे.

या निदानाला छेद देणारा अनुभव एका शिष्येकडून आला. ती व्हायोलिनकडे गाण्यातून आली, तिचा उजवा हात अजून जड आहे आणि दरबारीतली मनगटाची युक्ती तिला साधत नाही. तिने ती साधण्याचा हट्टही धरला नाही. आलापात ती गज झाकून पालटतच नाही. तो पूर्ण उचलते, तानपुरा एकटा ऐकू येईल इतका अवकाश सोडते आणि मग पुढचा स्वर नव्याने लावते. खाच अरुंद करण्यात ज्यांनी आयुष्य घातले त्यांना हे आधी धाडसाचे आणि नंतर अस्वस्थ करणारे वाटावे, कारण त्या अवकाशात राग तुटत नाही. ऋषभावरचा, पंचमावरचा न्यास तर त्यामुळे अधिक ठळक होतो, कारण स्वर थांबला हे ऐकणाऱ्याला कळते. प्रस्तुत लेखकाच्या रियाजात यामुळे बदल झाला आहे. न्यासाच्या स्वरांवर, म्हणजे ज्या स्वरांवर आलाप विसावतो तिथे, आता गज झाकला जात नाही, उचलला जातो.

गंधाराला मात्र हा उपाय लागू पडत नाही. दरबारीत गंधारावर विसावा नाही, तो झुलत झुलत ऋषभाकडे आणि तिथून षड्जाकडे उतरलाच पाहिजे, आणि मधेच गज उचलला तर जे उरते त्याला दरबारी म्हणता येत नाही. शिष्या सध्या हा प्रश्न आंदोलने कमी करून सोडवते, दोन आंदोलने एका गजात बसवून ती तिसऱ्याच्या आधीच ऋषभावर उतरते. तिचा गंधार त्यामुळे आखूड वाटतो, असे तिला सांगण्यात आले आहे. तिला तो पुरेसा वाटतो. प्रस्तुत लेखकाचा हात अजूनही तिसऱ्या आंदोलनाच्या मध्यावर गज पालटतो, ओरखडा उठतो, आणि दुसऱ्या दिवशीचा रियाज त्याच ठिकाणापासून सुरू होतो.