कुणाचा वेळ वाचतो?

सोमवार, ६ जानेवारी २०२५, डोंबिवली

जिममधून निघताना ट्रेनरनं आज पुन्हा विषय काढला. "ताई, सकाळचा नाश्ता सोडा, शेक घ्या. दोन मिनिटांत पोटात. तुमचा अर्धा तास सहज वाचेल." मुलगा मनापासून सांगतो. साडेपाचला दार उघडायच्या आधी मी बाहेर उभी असते आणि साडेसहाला वजनं जागेवर ठेवून पळत सुटते, हे तो रोज बघतो. पुढचा तास त्याला दिसत नाही. कणीक रात्री मळून ठेवली तरी पोळ्या, भाजी, तीन डबे, सासूबाईंचा नाश्ता, माझी आंघोळ आणि स्टेशन गाठणं, सगळं त्या तासात बसवायचं असतं.

जिम मी सोडणार नाही. वय वाढतं तसे स्नायू कमी होत जातात, आणि पाळी थांबल्यावर बायकांची हाडं वेगानं झिजतात. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडल्यावर तिचे पुढचे महिने कसे गेले ते मी जवळून पाहिलंय. त्यामुळे वजनं उचलणं ही माझ्यासाठी हौस नाही. म्हणूनच अर्धा तास खरोखर वाचत असेल तर मला तो हवा आहे.

बुधवार, ८ जानेवारी

काल संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानात शेल्फवर दोन प्रकारचे डबे शेजारी शेजारी होते आणि दुकानदार दोन्हींना 'शेक'च म्हणत होता. लेबलं वाचल्याशिवाय घ्यायचं नाही असं ठरवूनच गेले होते. एक नुसती प्रोटीन पावडर. तीस ग्रॅमचा एक चमचा, त्यात चोवीसेक ग्रॅम प्रथिनं आणि एकशेवीसच्या आसपास कॅलरी. हे काही जेवण नव्हे. दुसरा डबा जेवणाऐवजी घ्यायचा. त्यात प्रथिनांबरोबर पिठूळ पदार्थ, स्निग्धांश, तंतू, आणि जीवनसत्त्वं-क्षारांची लांबलचक यादी. युरोपात अशा एका वेळच्या जेवणात दोनशे ते चारशे कॅलरी असाव्यात असा नियम होता. दोन पोळ्या, वाटीभर उसळ आणि दही एवढ्यातूनही साधारण तेवढंच बळ मिळतं. जिममधली निम्मी मंडळी पहिला डबा घेऊन दुसऱ्याचं काम त्याच्यावर सोपवतात आणि अकरा वाजता हात थरथरायला लागले की नवल करतात. मी दुसरा घेतला.

आज सकाळी घड्याळ लावून पाहिलं. पावडर, दूध, हलवणं, पिणं यात तीन मिनिटं. शेकर लगेच धुवावा लागतो. झाकण लावून तसाच पर्समध्ये राहिला तर संध्याकाळी त्याचा वास सहन होत नाही, म्हणून ब्रश घेऊन आणखी दोन मिनिटं. वाचलं काय? कांदेपोहे तर झालेच, कारण नवरा, लेक आणि सासूबाई पोहे खाणारच होते. तिघांचे पोहे आणि चौघांचे पोहे यांत मूठभर पोह्यांचाच काय तो फरक. कांदा चिरायचा, फोडणी करायची, कढई घासायची, ते सगळं तेवढंच. माझी बशी मी ओट्याशी उभी राहून चार मिनिटांत संपवते. तेव्हा हिशेब बरोबरीत सुटला.

शुक्रवार, १० जानेवारी

लेडीज डब्यात मटारचा हंगाम जोरात आहे. ठाणं येईपर्यंत आमच्या बाकावर दोन किलो सोलून झाले, शेंगांची टरफलं एका पिशवीत, दाणे दुसऱ्या. समोरची मेथी निवडत होती. बायकांचा हा एक तास रेल्वेच्या वेळापत्रकात प्रवास म्हणून लिहिलेला असतो. प्रत्यक्षात ते रात्रीच्या स्वयंपाकाचं पहिलं पान आहे.

शेकचा विषय मी काढला तशी खिडकीजवळची मुलगी बोलायला लागली. विदर्भातून आलेली, तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, लोअर परळला नोकरी. रात्री खोलीवर पोचायला दहा वाजतात. "काकू, माझ्यासाठी तो शेक म्हणजे जेवणच आहे. नाहीतर वडापाव, नाहीतर उपाशी झोपणं." तिचं म्हणणं मी मनापासून मानते. एकटीसाठी स्वयंपाक करायचा तर भाजी आणणं, चिरणं, गॅस, भांडी, सगळाच्या सगळा भार एका ताटासाठी. तो भार शेक खरोखर उचलतो. तिचा तास वाचतो आणि पोटात वडापावपेक्षा बरं काही जातं. तिला कुणी नाकं मुरडू नयेत.

मला मात्र साडेदहालाच भूक लागली. पातळ अन्न पोटात फार वेळ थांबत नाही, चावून खाल्लेलं जास्त वेळ धरून ठेवतं. ऑफिसात खाली जाऊन इडली आणली. रांग, लिफ्ट, परत जागेवर, अशी वीस मिनिटं गेली.

सोमवार, १३ जानेवारी, भोगी

आज रजा घेतली. भोगीची भाजी घाईत होत नाही. हरभऱ्याचे सोले, पावटा, वांगी, गाजर, बोरं, ऊस, तिळाचं कूट. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापायचे. वर लोण्याचा गोळा. सासूबाई विळी घेऊन खाली बसल्या, मी पाट्याजवळ. दीड-दोन तास गेले आणि मला त्यातलं एक मिनिटही परत नको आहे. भाजीत किती प्रकारचं कडधान्य आणि तेलबी एकदम येते ते बघितलं की थंडीतलं हे ताट कुणी किती विचारानं बसवलं असेल असं वाटतं.

शेकचा डबा त्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे सातूचं पीठ असायचं. तुझे सासरे पहाटे शेतावर जायचे ते तेवढंच घेऊन." त्या साताऱ्याकडच्या. मग त्यांनी कृती सांगितली आणि मी ती इथे उतरून ठेवते, कारण आमच्या पिढीत ती कुणालाच नीट येत नाही. गव्हाला पाण्याचा हात लावून झाकून ठेवायचे, मग उखळात हलके कांडून वरचा कोंडा काढायचा. पाखडून, वाळवून, मंद आचेवर खमंग भाजायचे. त्याच्या निम्मं डाळं. थोडे जिरे किंवा सुंठ-वेलची. बारीक दळून डब्यात भरायचं. खायच्या वेळी गुळाचं पाणी किंवा दूध, चमचाभर तूप. शिजवायचं काही नाही. प्रवासाला, उन्हाळ्यात, बाळंतिणीला, शेतावर, सगळीकडे हेच. गहू आणि हरभरा एकत्र आले की एकाच्या प्रथिनात जे कमी असतं ते दुसरं भरून काढतं.

मी विचारलं, "कांडायचं कोण?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "आम्ही तिघी जावा. दोन दिवस जायचे." म्हणजे सासऱ्यांचा पहाटेचा वेळ वाचत होता तो तीन बायकांच्या दोन दुपारींतून आलेला होता. नुसतं कौतुक करून हे सोडून देता येत नाही.

शनिवार, १८ जानेवारी

कॉलेजातली मैत्रीण आली होती, हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. तिच्याशी बोलून पुष्कळ गोष्टी स्पष्ट झाल्या.

या डब्यांचं मूळ जिममध्ये नाही, रुग्णाच्या खाटेशी आहे. अमेरिकेत मीड जॉन्सन कंपनी आजाऱ्यांसाठी सस्टाजेन नावाची पावडर करायची. १९५९मध्ये तिनंच वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी मेट्रेकल बाजारात आणलं. दिवसाला नऊशे कॅलरी, बाकी काही खायचं नाही. वेळ वाचवणं हा त्यामागचा विचारच नव्हता. मोजून खाणं हा होता. आणि त्या कामात शेक आजही उपयोगी पडतो. २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला ब्रिटनमधला 'डायरेक्ट' अभ्यास तिनं मला नीट समजावला. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी टाइप दोनचा मधुमेह झालेल्या लोकांना तीन ते पाच महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरींचे शेक आणि सूप दिलं, मग हळूहळू नेहमीच्या अन्नावर आणलं. वर्षभरानं त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेलं काम आहे, गोळ्या चालू असताना कुणी घरच्या घरी करायचं नाही, हे तिनं मला दोनदा बजावलं. आपल्या देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असताना ही बातमी मला फार मोठी वाटते.

पण माझा प्रश्न व्यायामाचा. "व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्रथिनं गेली नाहीत तर मेहनत वाया, असं आमचा ट्रेनर म्हणतो," मी म्हटलं. ती म्हणाली, "ही घाईच काढून टाक." ब्रॅड शोनफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये या विषयावरचे बरेच प्रयोग एकत्र तपासले. दिवसभरात एकूण प्रथिनं किती जातात हे सारखं धरल्यावर, ती व्यायामाला लागूनच घेतल्याचा वेगळा फायदा दिसेनासा झाला. स्नायूंची दुरुस्ती व्यायामानंतर दिवसभर चालू राहते. तेव्हा साडेसहाला पिण्याऐवजी साडेनऊला ऑफिसच्या टेबलावर डबा उघडला तरी चालतं.

हे ऐकून मला जे वाटलं ते लिहून ठेवायलाच हवं. ज्या अर्ध्या तासासाठी मी धापा टाकत होते तो कुणीतरी माझ्या गळ्यात बांधलेला होता. आधी घाई विकली जाते, मग तिच्यावरचा उपाय.

प्रथिनांचा हिशेबही तिनं मांडून दिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं साधारण प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम, वजनं उचलणाऱ्याला त्याहून जास्त. त्याच संस्थेनं २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी पावडरी टाळा असं सांगितलंय. अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पन्नास ग्रॅम सुक्या सोयावड्यांत पंचवीस. वाटीभर उसळ, वाटीभर दही, मूठभर फुटाणे हे रोज टाकत गेलं तर गाडी पुढे जाते. आमच्या घरात कमी पडतं ते दुपारच्या डब्यात. पोळी दोन, बटाट्याची भाजी, संपलं. तिथे लक्ष घालायला हवं.

बुधवार, २२ जानेवारी

रात्री नवऱ्याशी बोलणं झालं. भांडण नव्हतं, पण मी गप्प बसणारही नव्हते. केंद्र सरकारच्या २०१९च्या कालवापर सर्वेक्षणाचे आकडे त्याला दाखवले. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. आणि मुळात त्यात हात घालणारे पुरुष शंभरात सव्वीस, बायका एक्याऐंशी. "माझी पाच मिनिटं वाचवायला दुकानातून डबा आणायचा आणि या तीनशे मिनिटांकडे कुणी बघायचं नाही, हे मला पटत नाही," असं मी म्हटलं.

तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सकाळी मी काय करू शकतो ते सांग." मी सांगितलं नाही. काय करायचं आहे ते त्याला रोज दिसतंच. आज काय करायचं, कोणती भाजी संपली, दूध नासलं का, कुणाला उपास आहे, हे डोक्यात धरून ठेवणं हेही काम आहे आणि ते कुठल्याच घड्याळात मोजलं जात नाही. शेक पिणाऱ्याची खरी सुटका तिथे होते, विचार करावा लागत नाही. ती सुटका मलाही हवी आहे. पण पावडरीतून नको.

रविवार, २ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यात बदल झाले. सोमवार आणि गुरुवारचे डबे तो करतो. पहिल्या दिवशी भाजी खारट झाली, लेकानं मुकाट्यानं खाल्ली. कडधान्य रात्री भिजत घालणं हे लेकाकडे. मोड आलेली मटकी आता फ्रिजमध्ये कायम असते. पोळ्यांसाठी आठवड्यातून काही दिवस कोपऱ्यावरचं पोळीभाजी केंद्र. इथली ही केंद्रं नोकरदार बायकांच्या घड्याळाचा आधार आहेत, आणि ती चालवणाऱ्याही बहुतेक बायकाच. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्यांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांना कर्ज मिळवून दिलं, तेव्हा पहिल्यांदा त्या बायकांच्या कष्टाची किंमत कागदावर आली. पोळी विकत घेताना मी घासाघीस करत नाही. माझा तास तिथे कुणीतरी उभी राहून भरते आहे, तिला पूर्ण पैसे मिळाले पाहिजेत.

डब्यात आता उसळ किंवा पनीर असतं, बाजूला दही. सकाळचा नाश्ता ऑफिसात, बसून, सहकाऱ्यांबरोबर. साडेदहाची भूक गेली.

रविवार, ९ फेब्रुवारी

शेकचा डबा टाकून दिलेला नाही. महिनाअखेरीला ऑफिसात रात्र होते, ट्रेनमध्ये उभं राहून यावं लागतं, तेव्हा एक पुडी पर्समध्ये असलेली बरी. सासूबाईंचा दात काढला तेव्हा दोन दिवस त्यांनाही तोच दिला. खिडकीजवळच्या मुलीला मी फुटाणे आणि खजुराची पिशवी दिली, शेकबरोबर ते खा म्हणून. तिच्या खोलीतल्या चौघींनी मिळून रविवारी आठवड्याची उसळ करून ठेवायला सुरुवात केली आहे.

आज सातूचं पीठ केलं. कांडायचं काम मिक्सरच्या दोन फेऱ्यांत झालं, नवऱ्यानं पाखडलं, लेकानं गहू भाजले, करपतील म्हणून सासूबाई शेजारी उभ्या. डाळं घातलंय हे पाहून गिरणीवाल्यानं वेगळं दळून दिलं. दोन किलो झालं. निम्मं ट्रेनरसाठी बांधून ठेवलंय. तो मूळचा जळगावकडचा, एकटा राहतो, आणि पहाटे जिम उघडायला उपाशीपोटी येतो, हे मला परवाच कळलं.