धनुष्य निवडताना

संगणकावरील काही खेळांत एक प्रश्न टळत नाही : लढावयाचे कसे? तलवार उपसून अंगावर जावयाचे, मंत्र टाकावयाचे, की दूर उभे राहून बाण सोडावयाचा? ११ नोव्हेंबर २०११ रोजी अमेरिकेतील बेथेस्डा गेम स्टुडिओजने ‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ हा खेळ बाजारात आणला. आमच्या हाती तो पडला पुतण्यामुळे. पायाचे हाड मोडून आम्ही सहा आठवडे अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा त्याने तो आणून दिला. वाचकांपैकी आईबापांना या खेळांचे दाराआडून येणारे आवाजच परिचित असतील. म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

स्कायरिममध्ये दहा वंशांतून एक निवडावा लागतो. पण तुम्ही योद्धा, जादूगार की चोर, हे कोणी विचारीत नाही. अठरा कौशल्ये आहेत आणि जे वापराल ते वाढते. वनवासी बॉसमर वंश घेतला तर धनुर्विद्या १५ ऐवजी २५ पासून सुरू होते, एवढीच काय ती सवलत. सरावाच्या लक्ष्यावर दिवसभर बाण मारले तरी कौशल्य तसूभर वाढत नाही. बाण सजीवाला लागावा लागतो. अर्जित सद्गुण हा पुनःपुन्हा केलेल्या कृतींतून अंगी जडतो, ही संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आम्ही सेमिनरीत घोकली होती. दुर्गुणाचेही तेच. येथे माणूस धनुर्धर होण्याचे ठरवीत नाही. एके दिवशी पाहतो तर झालेला असतो.

पुतण्याने जड चिलखत आणि दोन हातांची तलवार घेतली आहे. आमच्या खांद्यावरचे धनुष्य पाहून तो हसला. “फादर अंकल, शेवटी सगळे तेच घेतात!” कारण उघड आहे. अंधारात दबून बसावे, नेम धरावा. शत्रूने पाहिले नसेल तर बाणाचा घाव दुप्पट बसतो, पुढे एक विशेष गुण घेतला की तिप्पट. अंगात बाण रुतलेला दरोडेखोर इकडेतिकडे शोधतो, कोणी दिसत नाही, आणि आपल्यालाच भास झाला असे म्हणून पुन्हा पहाऱ्याला लागतो! (त्या प्रसंगी आम्ही इतके हसलो, की स्वयंपाकघरातून मावशी धावत आल्या.) परंतु याच खेळात खंजीर घेऊन पाठीशी जाण्याइतके धैर्य दाखविणाऱ्यास, योग्य तो गुण मिळविल्यावर, पंधरापट फळ आहे. जवळ जाण्याचे मोल खेळ रचणाऱ्यांनी जाणले आहे. धनुर्धराचा हिशेब निराळा. पातळी वाढली, की प्राणशक्ती, मंत्रशक्ती व दम यांपैकी एकातच दहाची भर घालता येते. दूरचे लक्ष्य जवळ दिसावे म्हणून नेम रोखावा, तर दम खर्च होतो. म्हणून भर दमात पडत जाते आणि शत्रू अंगाशी आला, की दोन घावांत आपण आडवे.

लपून सोडलेल्या बाणाविषयीची अस्वस्थता जुनी आहे. रामाने झाडाआडून वालीला मारले, त्याचा वाद आपल्या देशात आजही मिटलेला नाही. ११३९ साली दुसऱ्या लॅटरन परिषदेने आपल्या २९ व्या नियमाने धनुर्धरांची ही कला निषिद्ध ठरविली; मात्र ती ख्रिस्ती लोकांविरुद्ध वापरण्यास. ही मर्यादा वाचताना आमची मान खाली जाते.

पण आम्हांला थबकविले ते लिडियाने. व्हाइटरनचा अधिपती ही ढालतलवारधारी स्त्री आपल्या सोबतीस देतो. आम्ही मागे राहून दोरी ताणतो, ती पुढे धावते. म्हणजे आम्ही दूर उभे राहू शकतो ते ती जवळ उभी आहे म्हणून. शत्रूच्या घावांनी ती सहसा मरत नाही. शक्ती संपली की गुडघे टेकते आणि शत्रू तिला सोडून देतो. अशा वेळी तिचा प्राण जाऊ शकतो तो विशेषतः खेळणाऱ्याच्याच चुकार बाणाने. पुतण्याने हे पहिल्याच दिवशी बजावले होते : “ती आडवी आली तर थांबायचं, अंकल. दम गेला तरी चालेल.”

हे ऐकताना आम्हांला २०२० चे वर्ष आठवले. आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ इस्पितळात अखेरच्या घटका मोजीत होते आणि आम्हांस आत प्रवेश नव्हता. तैलाभ्यंगासाठी स्पर्श लागतो. तो संस्कार फोनवरून होत नाही. आम्ही घरून प्रार्थना म्हणत होतो आणि तो फोन त्यांच्या कानाशी धरून एक परिचारिका उभी होती. प्रार्थना संपेपर्यंत, वीस मिनिटे. घरच्यांनी नंतर आमचे आभार मानले. तिचे नाव आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

पाय आता बरा आहे. खेळ रविवारी रात्री तासभर होतो. परवा पातळी वाढली आणि एक गुण हाती आला. धनुष्याचा घाव आणखी वीस टक्क्यांनी वाढविता येईल. किंवा आजवर न उचललेल्या ढालीचे पहिले कौशल्य घेता येईल. पुतण्याच्या मते इतक्या उशिरा ढाल घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे. गुण साठवून ठेवता येतो, तसा तो ठेवला आहे. लिडिया गुहेच्या तोंडाशी उभी आहे.