सुकतीची वेळ

देवगडच्या आजोबांच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण समुद्राची वेळ ते तिथीवरून काढत. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा. पुढे सहा तासांनी सुकती. डोंबिवलीत वाढलेल्या नातीला ही नुसती गंमत वाटे.

2006 साली लग्नानंतर ती अंदमानला गेली, तेव्हा हॅवलॉकचा बोलबाला सुरू झाला होता. तिथल्या राधानगर किनाऱ्याला ‘टाइम’ नियतकालिकाने 2004 मध्ये आशियात सर्वोत्तम ठरवलं होतं. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर ही नावं तिला फार आवडली. पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या या वसाहती. किनाऱ्यांना मात्र नुसते आकडे. राधानगर म्हणजे सात नंबर.

2014 ला सोबत लेक होती. एलिफंट बीचवर बोटींची गर्दी, म्हणून एकांत शोधत त्या दोघी राधानगरच्या टोकाला, नील्स कोव्हपर्यंत चालत गेल्या. निवळशंख पाणी, चिटपाखरू नाही. कारण फलकावर होतं: मगरी. 2010 मध्ये इथेच मगरीने एका पर्यटक तरुणीचा जीव घेतला होता. लेकीचं मनगट धरून ती आल्या पावली परतली.

परवा गेली ती एकटीच. 2018 च्या डिसेंबरात बेटाचं स्वराज द्वीप झालं, तरी जीपवाल्याच्या तोंडी हॅवलॉकच.

या खेपेला तिने मुक्काम टाकला पाच नंबरला, विजयनगरला. पर्यटक या पूर्वेकडच्या किनाऱ्याला नावं ठेवतात, कारण ओहोटीला समुद्र लांब जातो, खडक नि मेलेलं प्रवाळ उघडं पडतं, पोहायची सोय राहत नाही. तिला नेमकी तीच वेळ हवी होती. दिवस निवडला पौर्णिमेचा, उधाणाचा. पाणी जितकं चढतं तितकंच मागे हटतं. आजोबांचा पाऊणपटीचा हिशेब इथे जुळेना (कोकणाचा तो, अंदमानाला कसा लागू पडावा?), म्हणून सुकतीची वेळ तिने जेट्टीवर विचारून घेतली: चारच्या सुमाराला.

आणि चारला तर सगळं बेट पश्चिमेला, सात नंबरकडे धावत असतं. भारताचं घड्याळ 82.5 रेखांशाचं, अंदमान 93 च्या आसपास; त्यामुळे हिवाळ्यात इथे पाचलाच सूर्य बुडतो आणि तो चुकवायची कोणाची तयारी नसते.

विजयनगरला उरले समुद्री महुव्याचे वाकलेले बुंधे, शंखातले खेकडे, ती, आणि डबक्यात अडकलेलं आभाळ.

पाचनंतर समोर चंद्र वर आला. पाणी परतू लागलं होतं. थोड्याच वेळात सात नंबरहून सुटलेल्या जीपचे दिवे माडांतून दिसायला लागले.